बाजाराच्या पिशवीतली गोळी

तारीख तीन जून, वार मंगळवार. रक्कम पाचशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी आई, माझी बायको आणि माझा धाकटा भाऊ. जागा आमच्या घराची ओसरी. ठरलं ते असं, की आजपासून वर्षभरात आईच्या संधिवाताच्या गोळीचा एक जरी खाडा पडला तर मी आईला पाचशे द्यायचे, आणि एकही पडला नाही तर आईने तिच्या अंड्यांच्या पैशातून मला पाचशे द्यायचे.

"अन् गोळी खाली पडली, कोंबडीनं खाल्ली तर?" भावाने विचारलं.

"तोही खाडाच."

"मग कोंबडीचा संधिवात बरा व्हईल," आई म्हणाली.

"तुमचे पाचशे गेले म्हणून समजा," बायको मला म्हणाली. तिला माझ्या पद्धतींचा जुना अनुभव आहे.

मी आष्टी तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. दोन्ही वेळचे मिळून शंभरावर लोक दूध घालतात. लिटर, फॅट, एसएनएफ, दर. वीस वर्षं हेच लिहीत आलोय, त्यामुळे कुठलीही अडचण रकान्यात बसवली की सुटते, असा माझा समज झालेला. आईच्या गोळीचंही मी तेच केलं.

आईचं वय अडुसष्ट. तीन वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर तिची बोटं वळेनाशी झाली. भाकरी थापायला घेतली की पीठ हाताला आणि हात परातीला. नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की हे वयाचं दुखणं नव्हे, हा संधिवात आहे. औषध दिलं मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस फॉलिक अॅसिडची बारीक गोळी. आणि फारच दुखलं तर दुखण्याची गोळी.

रोजची बारीक गोळी जेवणाला जोडून घेता येते. ती बायको ताटासोबत द्यायची आणि कधी चुकली नाही. आठवड्याची गोळी मात्र कशाला जोडावी? आईला वाचता येत नाही. कॅलेंडर तिच्या लेखी एकादशी आणि अमावास्येपुरतं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये दोन खाडे पडले आणि बोटं सुजून काटेरी वांग्यासारखी झाली. तेव्हा मी पद्धत काढली.

आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. आईचा आठवडा बाजारापासून सुरू होतो आणि बाजारापाशी संपतो. पाहुणे "बाजाराच्या आदल्या दिशी" येतात, गाय "बाजाराच्या तिसऱ्या दिशी" विते. म्हणून मी गोळ्यांची पट्टी थेट बाजाराच्या पिशवीत ठेवली. पिवळी कापडी पिशवी, तिला आतून बायकोने एक कप्पा शिवला. बाजारातून येणाऱ्याने पिशवी आईच्या पुढ्यात ठेवायची, कारण आमच्या घरी भाजी निवडायचं काम तिचंच. भाजी काढून झाली की तिने शेवटी कप्प्यात हात घालायचा, एक गोळी घ्यायची, पट्टी परत कप्प्यात. पिशवी खुंटीला.

"पिशवी आली की गोळी," मी तिला तीनदा सांगितलं. "कुणाला विचारत बसायचं नाही."

"न्हाई इचारत," ती म्हणाली.

"पिशवी आली की गोळी" हे वाक्य माझं आहे, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे लागेल.

तीन जूनलाच दहा गोळ्यांची नवी पट्टी फोडली. डिसेंबरच्या तीस तारखेपर्यंत एकतीस मंगळवार झाले आणि एकतीस गोळ्या गेल्या. तीन पट्ट्या संपल्या, चौथीतली एक गेली. बोटांची सूज उतरली. आई पुन्हा भाकरी थापायला लागली, आणि सूनबाईच्या भाकरीला नावं ठेवायलाही. केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पिशवीची पद्धत समजावून सांगितली. दोन जणांनी ती ऐकूनही घेतली.

दिवाळीनंतर गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. त्यात शेजारच्या दोन गावांच्या बाजारात भाजी विकणारेही गेले. भावाची विहिरीवरची मेथी, कोथिंबीर आणि वांगी तेव्हा जोरात होती. तो म्हणाला, मोकळी जागा आहे तर आपण बसू. जानेवारीच्या दोन तारखेपासून तो शुक्रवारी एका गावाला, रविवारी दुसऱ्या गावाला आणि मंगळवारी आपल्या गावात बसायला लागला. माल क्रेटमध्ये न्यायचा. उरलंसुरलं आणि घरचा किराणा आणायला खुंटीवरची पिवळी पिशवी.

मला आनंद झाला. पिशवी रिकामी लटकून काय करणार होती?

महिनाअखेरीला आईचं तोंड आलं. आधी जिभेच्या कडेला, मग गालाच्या आतून, मग ओठावर. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी झोंबायची. मी म्हणालो, उष्णता आहे. गावात तोंड आलं की उष्णताच असते, दुसरं काही असायची परवानगी नाही. गुलकंद झाला, सब्जा झाला, तूप लावून झालं. आई दिवसा झोपायला लागली. जी बाई दुपारी आडवी झालेली मी पन्नास वर्षांत पाहिली नाही, ती कोंबड्यांना दाणे टाकून भिंतीला टेकून बसायची.

"अहो, ही उष्णता न्हाई," बायको म्हणाली. "त्यांच्या हातावर बघा. निळे डाग कावून पडलेत? कुठं आपटल्या न्हाईत, काही न्हाई."

"बांगडी रुतली असेल."

"दोन्ही हातांना? कोपराच्या वर?"

गुरुवारी, पाच फेब्रुवारीला, आम्ही आईला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भावाने शेजाऱ्याची जीप मागून आणली. निघताना बायकोने एका पिशवीत आईची सगळी औषधं भरून दिली. म्हणजे तीच पिवळी पिशवी दिली, कारण निम्मी औषधं तिच्यातच होती.

माझ्या मनात काय करून घ्यायचं हे ठरलेलं होतं: एक सलाइन, एक ताकदीचं इंजेक्शन, एक दुखण्याचं. संध्याकाळच्या दुधाला परत.

डॉक्टरांच्या खोलीबाहेर एका टेबलाशी सिस्टर बसल्या होत्या. वय माझ्याएवढंच, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी केसपेपर घेतला, वाचला, बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "आजी, पूर्ण नाव सांगा."

"त्यावर लिहिलंय की," मी म्हणालो.

"मला वाचता येतं. आजी, तुम्ही सांगा."

आईने स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"मधलं?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "ह्याच्या बापाचं."

"त्यांचं नाव काय?"

वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव तिने हळदीकुंकवातसुद्धा उखाण्यात लपवूनच घेतलंय. मागे रांग वाढत होती.

"सिस्टर, मी सांगतो ना."

"तुम्ही थांबा हो जरा. सकाळपासून ह्याच नावाच्या, ह्याच आडनावाच्या दोन आज्या येऊन गेल्यात. एकीला शुगर हाय, एकीला बीपी. मधलं नाव कळल्याबिगर मी कुणाच्याच हातावर गोळी ठेवत नसते."

शेवटी आई पुढे वाकली आणि सिस्टरच्या कानात काहीतरी बोलली. सिस्टरने केसपेपरवर पाहिलं आणि मान हलवली. आई लाजून पदर सारखा करत बसली. तोंड आलेलं असूनही तिच्या चेहऱ्यावर हसू आलं ते मी पाहिलं.

मग सुरू झालं ते माझ्या दृष्टीने फारच लांबलं. ताप पाहिला: शंभर पॉइंट चार. नाडी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजली. बोट लावून अंदाजाने सांगितली नाही. बीपी घेतलं, वजन घेतलं. "आ करा," म्हणून बॅटरीने तोंड पाहिलं. बाह्या वर करून हात पाहिले, पायांच्या नडग्या पाहिल्या. "पडल्या होत्या? हिरड्यांतून रक्त? जुलाब? लघवी किती वेळा? कशाची ॲलर्जी? कुठलं इंजेक्शन कधी सोसलं नाही असं झालंय?" आणि प्रत्येक उत्तर लगेच कागदावर.

"सिस्टर, उष्णता आहे," मी मदत केली. "एक सलाइन लावा आणि हातपाय दुखतात त्याचं एक इंजेक्शन द्या. जीप थांबलीय."

"जीप थांबू द्या. तिला काही व्हत न्हाई," त्या म्हणाल्या. "औषधं कोणती चालू हायत? सगळी टेबलावर ठेवा. नुसती नावं सांगू नका."

मी पिवळी पिशवी पालथी केली. एक कोथिंबिरीची काडी, दोन लसणाच्या पाकळ्या आणि औषधं. सिस्टरने एकेक पट्टी उचलून नाव वाचलं. मेथोट्रेक्सेटपाशी त्या थांबल्या. चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, पट्टी बघितली, आईच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा पट्टी.

"ही किती वेळा घेता?"

"आठवड्यातून एकदा," मी म्हणालो. इथे मला माझी पद्धत सांगायची संधी दिसली. मी सांगितली. तीन जून, पहिली पट्टी, मंगळवार, बाजार, पिशवी, कप्पा. "आजपर्यंत छत्तीस मंगळवार झाले. तीन पट्ट्या संपून चौथीतल्या सहा गेल्या पाहिजेत, चार उरल्या पाहिजेत. मोजा."

सिस्टरने मोजल्या. चार उरल्या होत्या.

"एकही खाडा नाही," मी म्हणालो. खरं सांगायचं तर त्या क्षणी आईच्या तोंडातले फोड मी विसरलो होतो. आकडा जमला होता.

सिस्टरचंही समाधान झालं असं मला वाटलं. झालं नव्हतं. त्या पट्टी उलटसुलट करत होत्या. "ही पट्टी कधी घेतली?"

"डिसेंबरअखेर. मीच आणली."

भाऊ तोपर्यंत बाहेरून शेंगदाणे घेऊन आत आला होता. पट्टीकडे बघून म्हणाला, "न्हाई दादा, ही मी आणली. जानेवारीत, शुक्रवारच्या बाजाराला गेलतो तवा. तुझी संपलती. चिठ्ठी दाखवली अन् घेतली."

"माझी कशी संपेल बे? तिच्यात नऊ होत्या."

"मला काय माहीत? आई म्हणली संपली, मी आणली."

सिस्टरने आम्हा दोघांना हाताने गप्प केलं आणि खुर्ची आईच्या जवळ ओढली. "आजी, ही गोळी शेवटची कधी घेतली?"

"परवा. बाजाराला."

"त्याच्या आधी?"

"ऐतवारी. बाजाराला."

"अन् त्याच्या आधी?"

"सुक्रवारी की. पिशवी आली तवा."

भावाच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला. माझा हिशेब मात्र आपोआप सुरू झाला, सवयच ती. दोन जानेवारीपासून पाच शुक्रवार, पाच रविवार, पाच मंगळवार. पंधरा गोळ्या. जायला हव्या होत्या पाच. दहा जास्त गेल्या, आणि दहा म्हणजे बरोबर एक पट्टी. म्हणून तर उरलेल्या चारच्या चार जमल्या. केंद्रात कुणी दुधात पाणी घालून फॅट बरोबर जमवून आणला असता तर मी त्याला हात जोडले असते.

"आई, विचारायचं तरी एकदा," मी म्हणालो.

"मला वाटलं बोटं दुखत्यात म्हणून तूच वाढवली आसशील," आई म्हणाली. "अन् तूच म्हणलावता, पिशवी आली की गोळी. कुणाला इचारायचं न्हाई."

मी वाक्य आधीच नोंदवून ठेवलंय.

सिस्टर उठल्या, कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि आधीच्या पेशंटला बाजूला सरकवून बोलल्या. पाच मिनिटांत आईचं रक्त काढलं गेलं. तासाभराने आकडा आला: पांढऱ्या पेशी दोन हजार शंभर, किमान हव्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. आईला दाखल केलं.

"दुखण्याचं इंजेक्शन मागत होतात ना?" सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "ही गोळी शरीरातून बाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं. दुखण्याच्या औषधाचा भारही त्याच्यावरच. दिलं असतं तर गोळी आतच तुंबली असती. घरी दुखण्याची गोळी कितीदा चालू हाय?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

"रोज," पलंगावरून आई म्हणाली.

"बघा. अन् आठवड्याची गोळी अशी दिवसाआड गेली की हाडाच्या मगजात रक्त तयार होणं मंदावतं. तोंडातले फोड हे पहिलं सांगणं. अजून दोन-तीन बाजार झाले असते तर आजी स्वतःच्या पायांनी आल्या नसत्या."

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. फक्त दोन-तीन बाजार. म्हणजे हे माणूस जाणार होतं ते एखाद्या आजाराने नाही. ते जाणार होतं माझ्या पिशवीने, तेही खाडा न पडता.

डॉक्टरांनी नगरच्या डॉक्टरांना फोन लावला. गोळीचा परिणाम उतरवायचं इंजेक्शन इथे शिल्लक नव्हतं. नगरहून आणायचं ठरलं. भावाने जीप माझ्यावर सोडली, ओळखीच्याची मोटरसायकल घेतली आणि तीन तास दहा मिनिटांत इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत घेऊन परत आला. एवढ्या वेळात त्याने दोन वेळा फोन करून एकच विचारलं, "दादा, आई बोलती का?"

"बोलतेय. तुझ्या मेथीला नावं ठेवतेय."

इंजेक्शन देण्याआधी सिस्टरने पुन्हा आईचं पूर्ण नाव विचारलं. आई म्हणाली, "सकाळी सांगितलं की बाई." सिस्टर म्हणाल्या, "परत सांगा." आईने पुन्हा कानात सांगितलं. मग सिस्टरने दुसऱ्या सिस्टरला बोलावलं. दोघींनी मिळून बाटलीवरचं नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख वाचली, कागदाशी पडताळली आणि मगच सुई लावली. वीस वर्षं दुधाचं माप मी एकटाच घेतोय आणि एकटाच लिहितोय. दुसऱ्याने मोजलेलं आपण पुन्हा मोजायचं आणि त्यात कुणी राग मानायचा नाही, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

आई सहा दिवस तिथे होती. शेजारच्या पलंगावर खोकणारी बाई आली तेव्हा सिस्टरने आईचा पलंग खिडकीकडे हलवला, कारण पेशी कमी असताना कुणाचाही खोकला महाग पडतो. भेटायला येणाऱ्यांना हात धुवायला लावले. आमच्या एका चुलत्यांनी "आम्ही काय घाणेरडे हाव का?" म्हणून तोंड वाकडं केलं, तर सिस्टर म्हणाल्या, "काका, आधी माझे हात बघा," आणि स्वतःचे धुऊन दाखवले. चुलते निमूट नळाकडे गेले. फॉलिक अॅसिडची गोळी रोज गेली होती म्हणून आणखी बिघडलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. ते ऐकून बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं. अकरा तारखेला पेशी चार हजार तीनशे झाल्या आणि आईने भाकरी मागितली, दुधात न कुस्करता.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने आम्हा चौघांना पलंगाभोवती उभं केलं. मी वही काढली.

"वही ठेवा," त्या म्हणाल्या. "गोळी खायची आजींनी, अन् लिहिणार तुम्ही? आजी, तुम्ही सांगा. ही गोळी कशाची?"

"बोटाची."

"कितीदा?"

"आठवड्याला एक."

"चुकून जास्त गेली तर काय होतं?"

आईने तोंड उघडून दाखवलं.

"बरोबर. अन् एखाद्या आठवड्याला राहिली तर?"

"दुसऱ्या आठवड्याला दोन घेयाच्या."

"न्हाई!" आम्ही चौघंही दचकलो. "राहिली तर मला फोन करायचा. दोन कधीच घ्यायच्या न्हाईत. आता सात दिवस कसे मोजणार? बाजार सोडून सांगा."

आईने बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाली, "चिंचोके ठिवते. सात. दोन वाट्या. रोज सकाळी कोंबड्या सोडल्या की एक ह्या वाटीतून त्या वाटीत. सात झाले की गोळी."

"अन् मधीच कुणी गोळी दिली तर? मुलाने दिली, सुनेने दिली, मी दिली तरी?"

"घेयाची न्हाई."

"हात मागं घ्यायचा अन् विचारायचं: कावून? आजपासून विचारायचंच."

नगरच्या डॉक्टरांनी आठ मंगळवार गोळी बंद ठेवली. मधे दोनदा रक्त तपासलं आणि सात एप्रिलपासून कमी मात्रेवर पुन्हा सुरू केली. पट्टी आता आईच्या डब्यात असते, डबा बायकोच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली चिंचोक्यांच्या वाटीपाशी. पिवळी पिशवी भावाने स्वतःहून बाजारातल्या गल्ल्यासाठी मागून घेतली. आतला कप्पा आधी उसवला.

मे महिन्यातली गोष्ट. अकरा तारीख, सोमवार. दुसऱ्या दिवशी मला सकाळीच आष्टीला लग्नाला जायचं होतं आणि बायकोलाही. म्हटलं, आईची गोळी आजच देऊन टाकू, एका दिवसाने काय फरक पडतो? मी पाणी आणि गोळी घेऊन तिच्यापुढे गेलो.

आईने हात मागे घेतला.

"कावून?"

"उद्या आम्ही नाही घरी."

"मी हाय की." तिने वाटी पुढे केली. एका वाटीत सहा चिंचोके, दुसरीत एक. "ह्यो एक राह्यलाय. त्यो उद्या सरकल. जा, गोळी ठिव जागंवर."

मी गोळी जागेवर ठेवली.

यंदा तीन जून बुधवारी आला. ओसरीवर तेच चौघे हजर होतो. पैजेचा निकाल लावायला बसलो आणि भांडण लागलं. भावाचं म्हणणं, तीन जून ते पाच फेब्रुवारी एकही खाडा नाही, आणि पुढचे आठ डॉक्टरांनी पाडलेले, ते धरायचे नाहीत, दादा जिंकला. बायकोचं म्हणणं, पंधरापैकी दहा गोळ्या जादा देऊन माणूस दवाखान्यात पाठवणाऱ्याला पैजेचे पैसे मागताना काही वाटलं पाहिजे.

"मी कुठे मागितले?"

"पण चेहरा तसाच हाय."

आईने दोघांनाही गप्प केलं. "आकडा त्याचा बरोबर हाय," ती म्हणाली. "खाडा पडला न्हाई." आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढायला लागली.

मी तिचा हात धरला. बोटं सरळ होती, सूज नव्हती. मी खिशातून पाचशेची नोट काढून तिच्या हातात ठेवली. तिने एकदा नोटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कावून?" तिने विचारलं.

मी कारण सांगितलं. तिने ऐकलं आणि नोट ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने मला तीच नोट देऊन दवाखान्यात पाठवलं, सिस्टरसाठी. सिस्टरने हातसुद्धा लावला नाही. "आम्हाला चालत न्हाई, अन् चाललं असतं तरी घेतलं नसतं. आजींना म्हणावं, चिंचोके हायत का घरात? आठवड्याची गोळी चालू असलेले माझे दहा पेशंट हायत. त्यातल्या निम्म्यांना वार कळत न्हाईत."

घरी येऊन मी आईला नोट परत दिली. आईने या वर्षीच्या चिंचेतले चिंचोके निवडले, धुतले, उन्हात वाळवले आणि दहा जणांचे सात-सात, असे सत्तर मोजून एका फडक्यात बांधून दिले. मला मोजायला दिले नाहीत.

तर शेवटी दिलं गेलं ते असं: आईला पाचशे रुपये, माझ्याकडून, सिस्टरला सत्तर चिंचोके, आईकडून. सिस्टरने फडकं टेबलावर सोडलं, चष्मा लावला आणि माझ्यादेखत पुन्हा मोजले. एकाहत्तर निघाले. एक त्यांनी मला परत दिला.